घडी न पडलेला कागद

ज्या माणसाचे माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत, त्या माणसाचं नाव कुमुद गायकवाड. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, कारण त्यातली निम्मी वर्षं मी त्यांच्यावर चिडलेलो होतो. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

मी कारंज्याजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मीच. पुण्याला निघालो तेव्हा हिंजवडीतली एखादी काचेची इमारत माझी वाटच बघत असणार, अशी सगळ्या गावाची खात्री होती. त्या इमारतींच्या आत मी तीनदा जाऊन आलो आणि तिन्ही वेळा इंग्रजीत अडखळून बाहेर पडलो. शेवटी कर्वेनगरात, एका औषधाच्या दुकानावरच्या अडीच खोल्यांत चालणाऱ्या एजन्सीत लागलो. पुण्यातल्या कॅफेंची, साड्यांच्या दुकानांची, क्लासेसची इन्स्टाग्राम आणि फेसबुकवरची पानं सांभाळायची, हे आमचं काम. फोटो टाकायचे, रील करायच्या, लोकांच्या कॉमेंटना गोड उत्तरं द्यायची. माणसं एकूण नऊ. त्यातल्या आठ जणांचं वय तिशीच्या आत. नवव्या गायकवाड मॅडम.

मॅडम दाराशी बसायच्या. आतल्या खोलीत पंख्याखाली चांगली जागा होती, पण त्यांनी टेबल उचलून दाराला लावलं होतं. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या भांडारात त्यांनी सगळी नोकरी केली होती. तिथून एक खिळासुद्धा बाहेर जायचा तर त्याला गेट पास लागे, आणि तो मॅडम फाडत. निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे आल्या आणि सोबत ती सवय घेऊन आल्या. टेबलावर पावतीपुस्तकासारखं जाड पुस्तक, तीन रंगांचे कागद, मध्ये कार्बन. कुठलाही फोटो, व्हिडिओ किंवा गाण्याचा तुकडा क्लायंटच्या पानावर जाण्याआधी त्याचा गेट पास झाला पाहिजे. पांढरा कागद फायलीला, गुलाबी क्लायंटला, पिवळा मॅडमकडे. इन्स्टाग्रामवर टाकायच्या फोटोला कार्बन कॉपी! पहिल्या दिवशी मला वाटलं, नवीन माणसाची थट्टा चालली आहे.

"मॅडम, हा फोटो फोनमध्ये आहे. याला गेट कुठलं?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मी बसले आहे ना?"

त्या पासवर सहा प्रश्न होते. माल कोणाचा? काढला कोणी? आत कोण कोण दिसतंय? जाणार कुठे, आणि किती दिवस? हो म्हणणाऱ्याला हे सगळं माहीत आहे का? पाच प्रश्नांवर आम्ही कुरकुरत का होईना, लिहायचो. सहाव्यावर सगळे अडायचे. सहावा होता, "नाही म्हणाला तर काय करणार?"

आमचा मालक समीर. त्याची आई आणि मॅडम एकेकाळी खडकीच्या क्वार्टर्समध्ये शेजारी होत्या, म्हणून तो त्यांना मावशी म्हणायला जायचा आणि प्रत्येक वेळी "ऑफिसात मॅडम" हे ऐकून घ्यायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "अहो मॅडम, फुकटात प्रसिद्धी मिळतेय, कोण कशाला नाही म्हणेल?"

"मग लिहा तसं. 'विचारलं नाही, कारण नाही म्हणणार नाही.' सही करा खाली."

समीरने सही केली नाही. त्यानेच मॅडमना बोलावलं होतं, आणि त्याला कारण होतं एक नोटीस. आमच्या एका कॅफेवाल्याच्या चहाचा एका कॉलेजच्या मुलाने फोटो काढला होता. खिडकीतून येणारं ऊन, काचेचा ग्लास, वर वाफ. मुलाने तो आपल्या पानावर टाकला आणि कॅफेला टॅग केलं. आमच्यातल्या कोणीतरी तो उचलून जाहिरातीत घातला, मेन्यूकार्डावर छापला, कोपऱ्यातलं मुलाचं नाव तेवढं कापलं. मुलाचा मामा वकील निघाला. नोटीस आली, तक्रारीवरून कॅफेचं पान ऐन दिवाळीच्या आठवड्यात बंद पडलं.

कॅफेवाला तावातावाने ऑफिसात आला होता ते मला जुन्या लोकांनी सांगितलं. मॅडमचा तो पहिलाच आठवडा. "चहा माझा, ग्लास माझा, टेबल माझं, खिडकी माझी. फोटो त्याचा कसा?"

"चहा तुमचाच," मॅडम म्हणाल्या. "तो पिऊन गेला तर त्याच्याकडे मागा."

"त्याने टॅग केलं होतं आम्हाला!"

"लग्नपत्रिकेवर आपलं नाव घातलं म्हणून आपण हॉल घरी नेता का?"

कॅफेवाला निघून गेला आणि त्याने एजन्सीही बदलली. पण समीरने मॅडमना ठेवून घेतलं. मुलाला माफीचं पत्र मॅडमनीच लिहिलं, साध्या मराठीत, चार ओळींचं. त्याच्या वकील मामाने त्यावर पुढे काही केलं नाही.

बाकी त्यांचं वागणं इतकं काटेकोर की माणसाला चीड यावी. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी डबा. त्यानंतर एक मोसंबं, सालीची एकच लांब पट्टी काढून. चिडल्या की त्या समोरच्याला "आपण" म्हणायच्या, आणि "आपण" ऐकलं की ऑफिसातली मुलं हेडफोन घालायची. मला त्या "गजाननराव" म्हणत. त्यातला "राव" आदराचा नाही, हे कळायला मला आठवडा लागला. व्हॉट्सॲपवर त्यांचं उत्तर एकाच शब्दाचं असे, "ठीक." सकाळी कोणी फुलांचं चित्र पाठवून सुप्रभात म्हणालं, तर मात्र जरा लांब उत्तर जाई: "फुलाचा फोटो कोणी काढला?" त्यांच्या माहेरच्या ग्रुपमधून त्यांना काढून टाकलं होतं. हे त्या स्वतःच सांगत, आणि त्यात त्यांना काडीचंही दुःख नव्हतं.

कात्रजच्या एका जिमच्या उद्घाटनाची रील मी केली होती. त्यात एक गाजलेलं सिनेमाचं गाणं टाकलं. मॅडम म्हणाल्या, पास नाही. मी म्हणालो, "मॅडम, गाणं ॲपमध्येच आहे. कंपनीनेच ठेवलंय सगळ्यांसाठी."

"सगळ्यांसाठी म्हणजे घरच्यांसाठी. धंद्यासाठी नाही. खालचं बारीक अक्षर वाचलंत?"

"एवढं कोण वाचतं?"

"कारखान्याच्या कॅन्टीनमध्येही चमचे ठेवलेले असायचे, गजाननराव. जेवायला. पिशवीत घालायला नाही."

मी समीरकडून परस्पर होकार घेऊन रील टाकली. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी तिचा आवाज गेला. फुगे, रिबन, दंड फुगवणारे चार पैलवान, आणि सगळं मुकं. जिमवाल्याचे फोन मला दिवसभर आले. मॅडम मला काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी निघताना मोसंब्याच्या दोन फोडी माझ्या कीबोर्डवर ठेवल्या. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

या जागी त्यांच्या कारखान्यातल्या निवृत्तीच्या समारंभाचा एक चांगला प्रसंग होता. तो आता इथे नाही. का नाही, ते शेवटच्या पत्रावरून कळेल. मला तो फार आवडायचा, एवढंच नोंदवून पुढे जातो.

आता मूळ गोष्ट. एका मसाल्याच्या कंपनीचं काम आमच्याकडे आलं. एजन्सीला मिळालेलं ते सर्वांत मोठं काम. कल्पना अशी होती की लोकांनी आपापल्या आईचे स्वयंपाक करतानाचे फोटो कंपनीच्या नावाचा हॅशटॅग लावून टाकायचे, आणि त्यातला एक निवडून कंपनी तो पाकिटावर आणि स्वारगेट ते कात्रज रस्त्यावरच्या मोठ्या फलकांवर लावणार. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती. समीरने मला सरळ सांगितलं होतं, "हे काम नीट झालं तर तू पक्का. नाही झालं तर बघू." त्या "बघू"चा अर्थ मला पाठ होता. गावाकडे सगळ्यांना मी "पुण्यात कंपनीत" असल्याचं माहीत होतं. परत जाऊन काय सांगणार होतो?

फोटो शेकड्याने आले. सगळ्या आया नव्या साडीत, गॅस न पेटवता कढईत डाव धरून उभ्या. मसालेवाले शेठ एकेक फोटो बघून मान हलवत होते. तेव्हा मी माझ्या फोनमधला एक फोटो पुढे केला.

माझी आई गावच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. शाळेच्या शेडमध्ये, मोठ्या पातेल्यापुढे, हातात लांब डाव घेऊन ती कशावर तरी मोकळी हसते आहे, मागे तीन पोरं ताटल्या घेऊन उभी. आमच्या शाळेतल्या इंगळे सरांनी तो काढून फेसबुकवर टाकला होता. शेठ उठून उभे राहिले. "हीच! कुठून आणली ही बाई?"

"माझी आई आहे," मी म्हणालो. इतक्या अभिमानाने मी पुण्यात तोवर एकही वाक्य बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दारापाशी हात आडवा आला. "गेट पास?"

"मॅडम, माझी आई आहे ती!"

"असेल. आपल्या मालकीची आहे का?"

मला इतका राग आला की मी पाणी पिऊन आलो. पण पासशिवाय समीरही पुढे सरकेना. इंगळे सरांनी फोटो त्यांनी काढला असल्याने लेखी परवानगी आनंदाने दिली. मागच्या तीन पोरांच्या पालकांना विचारायचं, नाहीतर पोरं कापायची. आम्ही पोरं कापली. उरली आईची सही. मॅडमनी त्यासाठी मराठीत एक पानभर मजकूर लिहून दिला. फोटो पाकिटावर येणार, फलकावर येणार, खाली "आमच्या मसाल्याची चव, आईच्या हातची" असं लिहिलेलं असणार, दोन वर्षं राहणार. "हे गावी पाठवा. आईंना वाचून दाखवायला सांगा. सही होऊन येऊ द्या."

आता मी जे केलं ते सांगतो. आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना त्यात काही नवल वाटणार नाही. मी सातवीत गेल्यापासून आमच्या घरचे सगळे फॉर्म मीच भरत आलो. रेशनचे, बँकेचे, माझ्या शिष्यवृत्तीचे. आईला सही येते, पण तिला वेळ लागतो आणि रांगेतली माणसं खोळंबतात. म्हणून तिची सहीही मीच करायचो. थरथरता 'श', मग जरा वर चढणारं 'आंता', खाली रेघ. तिच्यापेक्षा मला ती चांगली जमते. फसवतो आहे असं मला कधी वाटलंच नाही. आईचं काम मुलगा करतो, एवढंच. त्या दिवशीही दुपारी आतल्या खोलीत बसून मी 'शांता' लिहिलं, खाली रेघ मारली, कागद चार दिवस बॅगेत ठेवला आणि पाचव्या दिवशी मॅडमना दिला.

त्यांनी तो वाचला नाही. नुसता उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला.

"टपालानं आला?"

"हो मॅडम."

"जाऊन येऊन?"

"हो."

"मग घडी कुठे आहे?"

कागद गुळगुळीत होता. बॅगेत मी तो लॅपटॉपखाली जपून ठेवला होता. कारंज्याला जाऊन आलेला कागद इस्त्री केल्यासारखा. खोट्या सहीबद्दल त्यांनी समीरला एक शब्द सांगितला असता, तर मी संध्याकाळच्या गाडीत असतो.

मॅडमनी कागदावर दोन तिरक्या रेघा मारल्या, मध्ये "रद्द" लिहिलं आणि तो फायलीला न लावता स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "आईंना फोन लावा. आवाज मोठा करा. मी वाचते."

शाळा सुटायची वेळ होती. आईने फोन उचलला. मॅडमनी सगळा मजकूर सावकाश वाचून दाखवला. आई मध्येमध्ये "हं" म्हणत होती. संपल्यावर तिने विचारलं, "म्हंजे मी म्हनतो का, का ह्यो मसाला चांगला हाय?"

"तसाच अर्थ होतो," मॅडम म्हणाल्या.

"पन म्या त खाल्लाच नाई. आमच्या खिचडीत तिखट-मीठ-हयद. लोकं माह्या तोंडाकडे पाहून घेतीन अन् वंगाय निंघाला त? नाई जी, नोको."

"आई!" मी ओरडलो. "अवं, माह्या नोकरीचा सवाल हाय!"

"त मंग मले काहून इचारते? तूच कर सही. नेहमी तूच त करतं." आणि मग मॅडमना, अगदी सहज, "याच्याआंदी मले कोनं इचारलंच नाई जी कई. तुमी इचारलं म्हून सांगतलं."

मॅडमनी "बरं ताई, ठीक" म्हणून फोन माझ्या हातात दिला. पासवरच्या सहाव्या प्रश्नापुढे लिहिलं: "नाही म्हणाल्या. फोटो वापरायचा नाही." पांढरा, गुलाबी, पिवळा.

पुढे जे व्हायचं ते झालं. शेठ भडकले. समीर माझ्यावर ओरडला, मग मॅडमवर ओरडला. "मावशी, पोराची नोकरी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"मॅडम," त्या म्हणाल्या. "आणि पोराची नोकरी तुमच्या हातात आहे, माझ्या नाही. त्यानं सांगितल्याप्रमाणे विचारलं, आणि उत्तर आलं ते इथे आहे. यात त्याची चूक कुठली ते लिहून द्या. पास फाडते."

समीरने लिहून दिलं नाही. फलकावर एक भाड्याची आई आली, नव्या साडीतली. माझं पक्कं होणं तीन महिने पुढे गेलं, पण नोकरी टिकली. आणि मी मॅडमशी ते तीनही महिने बोललो नाही. ज्या बाईने माझी खोटी सही पर्समध्ये लपवली, तिच्यावर मी रुसलो होतो! मला तेव्हा एवढंच दिसत होतं की, इतक्या मोठ्या रस्त्यावर माझी आई हसत उभी राहिली असती आणि या बाईने ती उतरवली. त्या मात्र रोज "गजाननराव, पास?" म्हणत राहिल्या, काही झालंच नाही अशा.

पुढे कधीतरी मी तो मसाला गावी पाठवला. आईने वापरला आणि फोनवर म्हणाली, "बरा हाय की!"

"मंग देऊ का फोटो?"

"आता काहून?"

मी कपाळावर हात मारला. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता खाल्लाय. आता त्यांना विचारलंत ते बरोबर."

आज मी एका मोठ्या कंपनीत आहे. काचेच्याच इमारतीत. माझं काम काय, तर दुसऱ्यांचे फोटो, व्हिडिओ, गाणी वापरण्याआधी परवानग्या गोळा करायच्या. माझ्या हाताखालची मुलं मला वैतागतात. एकाने परवा एका बाईकडून आलेला अंगठ्याचा इमोजी परवानगी म्हणून दाखवला, आणि माझ्या तोंडून निघालं, "अंगठा चालेल, पण शाईचा." ते वाक्य माझं नाही. ते कोणाचं, हे मुलांना माहीत नाही. ते सांगावं, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

लिहून झाल्यावर गेल्या महिन्यात खडकीला मॅडमच्या घरी गेलो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दुसरा मजला. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्मा तोच, हातात मोसंबं अर्धं सोललेलं. सालीची पट्टी लोंबत होती. मी नमस्कार केला आणि हे लिखाण व त्यासोबतचं पत्र असलेला मोठा लिफाफा पुढे केला. आत माझे कागद सपाट, नीट ठेवलेले.

"काय आहे?"

"तुमच्यावर लिहिलंय, मॅडम. परवानगी पाहिजे होती."

त्यांनी लिफाफा उजेडाकडे धरला. मग परत माझ्या हातात दिला.

"टपालानं पाठवा, गजाननराव. समोर उभं राहून विचारलं की माणूस भिडेनं हो म्हणतो." दार लागलं. साखळी निघाल्याचा आवाज आला आणि दार पुन्हा पूर्ण उघडलं. "चहा पिऊन जा. पण विषय काढायचा नाही."

चहा प्यालो, विषय काढला नाही, आणि खाली उतरून खडकीच्या पोस्टात कागदांना दोन घड्या घातल्या. पाठवलेलं पत्र असं होतं.

आदरणीय गायकवाड मॅडम यांस,
सा. न. वि. वि.

सोबतचा मजकूर मी लिहिला आहे, त्यामुळे लिखाण माझं. पण त्यातली बहुतेक चांगली वाक्यं तुमची आहेत. आत तुम्ही दिसता, समीर दिसतो आणि माझी आई दिसते. समीरने वाचून परवानगी दिली आहे. आईला मी फोनवर सगळं वाचून दाखवलं, खोट्या सहीसकट. ती म्हणाली, बाईंचं नाव असेल तर तिचंही चालेल. तिची सही सोबत जोडली आहे. त्या कागदाला टपालाची घडी आहे, बघून घ्यावी. या वेळी तिला लिहायला जितका वेळ लागला तितका लागू दिला.

हा मजकूर एका दिवाळी अंकात एकदा छापला जाईल. इंटरनेटवर त्याचा तुकडा कापून टाकला जाणार नाही, असं संपादकांकडून लिहून घेतलं आहे. जे नको असेल त्यावर तुम्ही दोन तिरक्या रेघा माराव्यात. मी का म्हणून विचारणार नाही.

सहाव्या प्रश्नाचं उत्तर. तुम्ही नाही म्हणालात, तर हे कागद मी माझ्याकडेच ठेवीन, आणि पुढच्या रविवारी चहाला येईन. विषय काढणार नाही.

आपला,
गजानन